कॅम हलतोय, आक्का

“बोट लावून बघा, आक्का. नुसतं बोट.”

हुसेन मिस्त्री डॉक्टर हिरेमठांच्या जीपच्या तोंडापाशी उकिडवा बसला होता. रेडिएटर काढून भिंतीला टेकवलेला, इंजिनाचं पुढचं झाकण उघडं, आणि हा मला आत हात घालायला सांगत होता.

“मलाच बोटं ग्रीसमधे घालायची असती तर तुला कशाला ठेवला असता?” मी म्हटलं.

ही जतची गोष्ट, चाळीसेक वर्षांपूर्वीची. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा मिरजेला नोकरीला, घरी मी आणि सून शशिकला, आणि दारातच आम्हा पांचाळांचं गॅरेज. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पण गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि गाडी आत वळायच्या आधी नुसत्या आवाजावरून सांगायची, काय बिघडलंय ते. निम्म्या वेळा चुकायचं. पण ते मला सांगण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे, त्यामुळं माझा समज असा, की मी कधीच चुकत नाही.

हुसेन आमच्या ह्यांच्या वेळचा मिस्त्री. बावीस वर्षं झालेली. कमी बोलणारा, आणि हेच मला त्याचं खुपायचं. भांडायला समोरचा तरबेज असला की बरं वाटतं. हा आपला ऐकून घ्यायचा आणि पाना उचलायचा.

त्यानं फडक्यात गुंडाळलेला गिअर माझ्यापुढं धरला. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवणारा, सुपारीपेक्षा जरा मोठा. दात पार ब्लेडसारखे झालेले.

“वर्षात तिसरा,” तो म्हणाला. “नवा घालतोय, चार महिन्यांत असा होतोय. गिअरचा दोष न्हाई आक्का. कॅम हलतोय.”

“कॅम फिरायलाच असतो.”

“फिरायला असतो. पुढं-मागं सरकायला नसतो.”

शशिकला चहा घेऊन आली होती, ती तिथंच घुटमळली. तिला असल्या गोष्टींत नको तेवढा रस. “म्हणजे कसं ओ, हुसेनभाऊ?”

“शेवयाचं यंत्र हाय नव्हं घरात? त्याची दांडी फिरवताना पुढं-मागं व्हायला लागली तर काय हुईल?”

“दात खाईल. आणि शेवया एक जाड, एक बारीक पडंल.”

“तसंच. ह्या कॅमच्या दांड्याच्या अंगावर तिरके दात हायत, ते ह्या बारक्या गिअरला फिरवत्यात. कॅम सरकला की गिअरला हिसका बसतो. मग ठिणगी कधी लवकर पडती, कधी उशिरा. गाडी फटफट करती, आन् एक दिवस दात संपले की जागच्या जागी बसती.” मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “कॅमला सरकू देत न्हाई ती पुढची चकती. केसाएवढी फट पायजे तितं. आता पोस्टकार्ड जातंय.”

त्यानं स्क्रूड्रायव्हरनं कॅमच्या तोंडावरचं चाक मागं रेटलं. टक्. पुढं ओढलं. टक्. मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. ऐकू न आल्यासारखं केलं. त्यात माझा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

कारण चकतीचा विषय निघाला, की आमच्यात एकच भांडण व्हायचं.

आदल्या वर्षी ह्याच जीपचं इंजिन उघडलं होतं, तेव्हा हुसेननं नवी चकती मागवली होती. जीप जुनी, तिचे भाग सहजासहजी मिळत नव्हते. दोन महिने वाट बघून ती आली, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडं नवमीला हत्यारांची पूजा. पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि दसरा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. यांचा नेम होता तो. यांच्या मागंही चालवला. हुसेननं नवी चकतीही पाटावर ठेवली होती, म्हणाला नव्या सामानाचीही पूजा होऊ दे. आणि दसऱ्यानंतर पाट उचलला, तर चकती गायब.

दोन दिवस गॅरेज उलटंपालटं केलं. मी तर अख्ख्या जतला तिचं वर्णन सांगितलं, तळहाताएवढी, मधे मोठं भोक, बाजूला दोन बारकी. भंगारवाल्याला, पलीकडच्या सायकलवाल्याला, पाणी भरायला येणाऱ्या बाईला. आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटी, “आमच्या मिस्त्रीनं हरवली,” हे शेपूट. शेवटी डॉक्टरांना जीप हवी होती म्हणून हुसेननं जुनीच झिजलेली चकती परत बसवली.

“दुसरी मागवू या आक्का,” तो तेव्हा म्हणाला होता.

“पहिली सापडल्याशिवाय दुसरी येणार नाही. ह्याच गॅरेजमधे आहे ती. पाय नाहीत तिला.” माझा हा हट्ट वर्षभर टिकला, आणि तेवढ्यात तीन गिअर गेले.

आज तर कहर झाला होता. सकाळी डॉक्टरांना मुचंडीकडं बाळंतपणाला जायचं होतं, आणि जीप माळावर मधेच बसली. डॉक्टर बॅग डोक्यावर घेऊन दोन कोस चालत गेले. तोवर मूल त्यांच्या आधी पोचलं होतं, सुईणीच्या हातावर. बाई सुखरूप होती म्हणून बरं. जीप बैल लावून आमच्या दारात आणली, आणि आता डॉक्टर स्वतः धुळीनं भरलेल्या बुटांनिशी दारात उभे होते.

“आक्का, हे असं चालणार नाही,” ते शांतपणे म्हणाले. डॉक्टरांचा आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “आज नशीब होतं. पुढच्या वेळी असेलच असं नाही. नक्की कुणाचं चुकतंय?”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. मी मागं-पुढं बघितलं नाही.

“ह्याचं,” मी म्हटलं. “वर्षापूर्वी नवी चकती हरवली ह्यानं. तेव्हापासून जुनीवर चालवतोय.”

हुसेन उठून उभा राहिला. “आक्का, मी हरवली न्हाई. पूजेच्या पाटावर ठिवली हुती. ती तितनंच गेली.”

“म्हणजे देवीनं नेली?”

“तसं म्हणलो न्हाई मी.”

“मग कुणी नेली? त्या पाटाजवळ दिवसभर मी होते. दुसरं कुणी फिरकलं नव्हतं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. काहीतरी ओठांवर आलं होतं त्याच्या. मग मान खाली घातली.

ते बघणं मला झोंबलं. “उद्यापासून येऊ नकोस,” मी म्हटलं. डॉक्टरांसमोर, सुनेसमोर, रस्त्यावरच्या दोन बघ्यांसमोर.

हुसेननं फडकं घेऊन एकेक पाना पुसला आणि भिंतीवरच्या खिळ्यांना जागच्या जागी लावला. सगळ्यात बारका पाना लावताना थांबला, परत पुसला, लावला. सदरा झटकून निघून गेला. शशिकलानं चहाचा कप उचलला. त्यानं प्यायलाच नव्हता.

“काय बघतीस?” मी तिला म्हटलं. “समईला तेल आहे का बघ.”

“समईला तुम्ही हात लावू देत नाही, आत्या.”

खरं होतं ते. समई माझ्या सासूची, पितळेची, कमरेएवढी. घटापुढचा दिवा वेगळा, ही रोजच्या देवाची आणि हत्यारांच्या पूजेची. एकदा पडली तेव्हापासून बुडाला टेंगूळ आलं होतं आणि ती डुगडुगायची. पण वर्षभरात डुगडुगणं आपोआप थांबलं होतं. मी ते माझ्या भक्तीच्या खात्यात टाकलं होतं. शशिकलाच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगायची, “बघा, कशी निश्चल उभी आहे. मनोभावे केलं की देव सांभाळून घेतो.” दर शुक्रवारी चिंच लावून अशी लखलखीत घासायची, की त्यात तोंड दिसावं. आणि शशिकलाला सुनवायची, “भांडं कसं घासावं ते ह्या समईकडं बघून शिक.”

पुढचे आठ दिवस जीप उघड्या तोंडानं तशीच उभी होती. दुसरा मिस्त्री मिळेना. एक आला होता, त्यानं इंजिनात डोकावून विचारलं, “हितली चकती कुठाय चांगली?” त्याला मी हाकलला.

नवमी उजाडली. शशिकला चुलीपुढं पुरणात अडकलेली. हत्यारं काढून मांडायचं काम दरवर्षी हुसेनचं, त्या दिवशी मी एकटीनं केलं. दोन जॅक उचलताना कंबर धरली. पाट मांडला, कापड घातलं, आणि घरातून समई उचलून आणली. आणताना उंबऱ्याला ठेच लागली आणि सगळं तेल खालच्या तबकातून ओघळून बुडाकडं गेलं.

पाटावर तेलाचा डाग नको म्हणून मी समई आडवी केली. वर्षात पहिल्यांदा.

बुडाला काळा चिकटा होता, बोटभर. तेल, कुंकू, काजळी, सगळ्याचं मिळून दगड झालेलं. वर लखलखाट आणि खाली हे. मी नखानं खरवडलं. आत लोखंड लागलं. पितळेच्या समईला लोखंडाचं बूड कुठून आलं, म्हणून सुरीनं कड उचकटली. टचकन काहीतरी सुटून माझ्या मांडीवर पडलं.

तळहाताएवढं. मधे मोठं भोक. बाजूला दोन बारकी.

सगळं डोळ्यापुढं आलं. गेल्या वर्षीची नवमी. समई पाटावर डुगडुगत होती, मंत्र म्हणायला गुरुजी खोळंबलेले, मी हाताला लागलं ते काहीतरी वाटोळं समईखाली सरकवलं. टेंगूळ मधल्या भोकात असं चपखल बसलं, की मी मनात म्हटलं, देवी पावली. आणि दसऱ्याला समई घरी नेताना ती चकती तशीच चिकटून घरी गेली. नव्या चकतीला तेल लावलेलं असतं, वर माझं तेल, वर माझं कुंकू. वर्षभर मी रोज सकाळी तिच्यापुढं हात जोडत होते आणि संध्याकाळी तिच्यावरून हुसेनला फाडून खात होते. माझी समई डुगडुगू नये म्हणून डॉक्टरांची जीप डुगडुगत होती.

आता खरं सांगते. माणूस म्हणून काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. मी ते केलं नाही.

मी चकती सुरीनं खरवडली, पदराच्या आतल्या बाजूनं पुसली आणि हुसेनच्या बाकाखाली, मागं, लाकडी खोक्याआड सरकवून दिली. मग हात धुतले, पदर सारखा केला आणि शशिकलाला हाक मारली.

“हुसेनला बोलावून आण. म्हणावं, आक्कांनी बोलावलंय.”

“कशाला?”

“सणाचं आहे. प्रसादाला.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग पुरणाचे हात पुसून पळाली.

नेमके त्याच वेळी डॉक्टर आले. बरोबर ट्रॅक्टर आणि दोरखंड. जीप मिरजेला ओढून नेणार होते. “वाईट वाटून घेऊ नका आक्का,” म्हणाले. “मला गाडी लागते.”

“थोडं थांबा,” मी म्हटलं. “देवीच्या दिवशी रिकाम्या हातानं जाऊ नका.”

हुसेन आला. धुतलेला पायजमा, नवी टोपी. दारातच थांबला, आठ दिवसांत पाहुणा झाल्यासारखा.

“आत ये,” मी म्हटलं. “मला रात्रभर झोप नाही. मन सांगतंय, ती चकती इथंच आहे. तुझ्या बाकाखाली नीट बघितलं होतंस का?”

“धा येळा बघितलं, आक्का.”

“अकराव्यांदा बघ.”

तो गुडघ्यावर बसला, खोकं सरकवलं आणि हात बाहेर आला तो चकती घेऊनच. मी छातीवर हात ठेवला. हा हात ठेवण्याची तालीम मी मघाशी दोनदा केली होती.

“बघा डॉक्टर,” मी म्हटलं. “म्हटलं नव्हतं मी?”

तेवढ्यात शशिकला बोलली. तिच्या मनात काही नव्हतं, पोर भोळी. “अगं बाई, पण कालच तर मी इथं खोकं काढून झाडलं. नव्हतं काही.”

“नीट झाडलं नसशील.”

“अहो, खोक्याखालची धूळसुद्धा काढली, आत्या.”

मी तिच्याकडं असं बघितलं, की दुसरी असती तर तिच्या हातातलं भांडं पडलं असतं. हुसेन मात्र चकती उजेडाला धरून फिरवत होता. अंगठ्यानं कड चाचपली. बारक्या भोकात करंगळीचं नख घातलं आणि बाहेर काढून बघितलं. नखाला लाल. मग चकती नाकाशी नेली. आमच्या गॅरेजमधे पेट्रोलचा, ग्रीसचा, जळक्या तेलाचा वास असतो. तिळाच्या तेलाचा नसतो.

त्यानं पाटाकडं बघितलं. पाटावर समई. समई डुगडुगत होती. आत्ताच लावलेली ज्योत एकदा इकडं, एकदा तिकडं.

मग त्यानं नख सदऱ्याला पुसलं.

“रॉकेलनं धुवून घेतो,” म्हणाला. “इंजिनात दुसरं काय जाया नको.”

एवढंच.

“म्हणजे शेवटी तुझ्याच बाकाखाली निघाली, हुसेन,” डॉक्टर म्हणाले. “आक्का बरोबर होत्या.”

हुसेननं माझ्याकडं बघितलं नाही. “व्हय, डॉक्टर. माझीच नजर चुकली आसंल.”

मी तयार होते. तो म्हणेल, आक्का तुम्ही ठेवली. मग मी म्हणणार होते, माझ्यावर आळ घेतोस, बावीस वर्षं अन्न खाल्लंस त्याच्यावर उलटतोस. सगळं ठरलेलं होतं, शब्दन् शब्द. पण तो माझ्या वाट्याचं स्वतःच्या अंगावर घेऊन रॉकेलचा डबा शोधायला लागला, आणि माझं सगळं पाठांतर घशातच राहिलं. डॉक्टर तिकडं ट्रॅक्टरवाल्याला हातानं खूण करत होते, थांब म्हणून. शशिकला एवढंसं तोंड करून उभी होती, खरंच आपलं झाडणं चुकलं का याचा विचार करत.

“समईखाली होती,” मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य दोनदा बोलावं लागलं.

“माझ्या समईखाली होती. वर्षभर. मीच घातली होती, डुगडुगू नये म्हणून. आज सकाळी निघाली आणि मीच बाकाखाली ठेवली. हुसेनची नजर चुकली नाही.”

डॉक्टरांनी समईकडं बघितलं, चकतीकडं बघितलं, मग खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रागानं. रागानं नव्हते.

“आक्का,” हुसेन म्हणाला, “हे बोलायची काय गरज नव्हती.”

“गप्प बस. अख्ख्या जतला तुझं नाव सांगून आले होते मी. आता परत अख्खं जत फिरावं लागणार. भंगारवाल्यापासून सुरुवात.” आवाज चढवून बघितला, पण नेहमीसारखा चढेना. “आणि ही जीप आज चालू करून दे.”

“आज नवमी. हत्याराला हात लावायचा न्हाई. मालकांचा नेम हाय.”

बावीस वर्षांत त्यानं तो मोडला नव्हता. मी पाटापाशी गेले. हळदकुंकू लावलेल्या पान्यांतून त्याचा तो सगळ्यात बारका पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“मालकांना मी सांगीन,” मी म्हटलं. “ते माझं ऐकायचे.”

“व्हय,” हुसेन म्हणाला. “दुसरं काय करणार हुते ते?”

बावीस वर्षांत त्यानं मला मारलेला हा पहिला टोमणा. मला फार बरं वाटलं.

त्यानं जुनी चकती काढायच्या आधी मला हाक मारली. “आता तरी बोट लावून बघा, आक्का.”

मी पदर खोचला, उकिडवी बसले आणि इंजिनात हात घातला. कॅमचं चाक रेटलं. टक्. ओढलं. टक्. सैल दातासारखं. लहान पोरालाही कळावं असं. दुपारी नवी चकती बसल्यावर त्यानं परत बोट लावायला लावलं. रेटलं, ओढलं. काही नाही. जेवढं हललं असेल ते बोटाला कळलंसुद्धा नाही. शिल्लक ठेवलेला चौथा गिअर घालून त्यानं संध्याकाळच्या आत जीप चालू केली. त्या गिअरवर ती पुढं सहा वर्षं चालली. आणि त्यानंतर कुणी “बघा” म्हटलं की मी बघत गेले. नेहमी नाही. बऱ्याचदा.

समई तेव्हापासून परत डुगडुगते. शशिकलानं, तीच आता गॅरेज बघते, कितीदा म्हटलं की लेथवर नेऊन बूड सपाट करून आणू. मी नको म्हणते. आरती करताना ज्योत हलते, हलू दे.

पण घरात एक वाईट खोड सगळ्यांना लागून गेली. किल्ली हरवो, पाकीट हरवो, मुलगा, सून, नातवंडं, सगळे तडक देवघरात जातात आणि आधी माझी समई उलटी करून बघतात. मी काही म्हणू शकत नाही.

मागच्या आठवड्यात माझाच चष्मा सापडेना. शशिकलाला हाक मारायला तोंड उघडलं होतं, “कुठं ठेवलास माझा चष्मा,” इथवर जिभेवर आलं होतं. गिळलं. मुकाट्यानं देवघरात गेले, समई उचलली, खाली बघितलं. नव्हता. म्हणजे ह्या वेळी तरी माझी चूक नाही, ह्या आनंदात मी कपाळावर हात मारला, आणि चष्मा तिथं होता.